एकाच नावाचे दोन टार्टन वेगळे का दिसतात: रंग, रेघा आणि धाग्यांचा हिशोब

तुमचा प्रश्न मी असा समजलो. स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनला राहणाऱ्या भावाने तुम्हाला गॉर्डन नावाच्या टार्टनचा (टार्टन म्हणजे तिकडचे रंगीत चौकड्यांचे कापड) लोकरी मफलर पाठवला आणि तसाच दुसरा तुम्ही ऑनलाइन मागवला. पहिल्यातला निळा इतका गडद आहे की तो काळ्यापासून वेगळा ओळखू येत नाही आणि हिरवा बॉटल ग्रीन आहे. दुसऱ्यात निळा आकाशी, हिरवा शेवाळी आणि पिवळी रेघ पहिल्यापेक्षा ठसठशीत दिसते. भावाच्या लग्नासाठी त्याच नमुन्याच्या शाली हातमागावर विणून घ्यायच्या असल्याने खरा गॉर्डन कोणता आणि त्याच्या रंगांचे अधिकृत शेड नंबर कुठे मिळतील, असे तुम्ही विचारले आहे. चौकड्यांच्या कापडाची आखणी आणि लोकरीची रंगाई हेच माझे काम आहे आणि त्यातला बराच काळ स्कॉटलंडमधल्या विणकरांसाठी नमुने करण्यात गेला आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आधी सरळ उत्तर देतो. दोन्ही मफलर गॉर्डनच असण्याची शक्यता मोठी आहे, आणि तुम्हाला हवे आहेत तसे अधिकृत शेड नंबर अस्तित्वातच नाहीत. टार्टनमध्ये पक्की ठरलेली असते ती रंगीत पट्ट्यांची क्रमवारी आणि त्यांच्या रुंदीचे परस्परांशी असलेले प्रमाण. रंगाबाबत फक्त निळा, काळा, हिरवा, पिवळा एवढेच सांगितलेले असते. निळा किती गडद घ्यायचा हे कापड बनवणारा ठरवतो. आपल्या ठिपक्यांच्या रांगोळीत ठिपके किती आणि रेघ कुठून कुठे हे ठरलेले असते, पण भरायचा गुलाबी प्रत्येकीच्या डब्यातला वेगळा असतो, तसेच काहीसे हे आहे. तेव्हा तुमचा खरा प्रश्न असा होतो की दोन्ही मफलरांचा क्रम आणि प्रमाण जुळते का, आणि जुळत असेल तर तुमच्या कामासाठी छटांचा कोणता संच घ्यावा. पहिल्या भागाचे उत्तर मोजून मिळते. दुसरा भाग सूत, माग, समारंभाची जागा आणि तुमची आवड यांवर अवलंबून आहे, त्यामुळे तिथे मी फक्त माझे मत सांगू शकतो.

रेघांपासून टार्टन कसे तयार होते ते एकदा नीट पाहिले की पुढचे सगळे सोपे जाते. ताण्यात उभे धागे ज्या रंगक्रमाने मांडले आहेत, त्याच क्रमाने बाण्याचे आडवे धागे भरले जातात. वीण दोन-दोनच्या ट्विलची असते: प्रत्येक धागा दोन धाग्यांवरून आणि दोन धाग्यांखालून जातो, आणि पुढच्या ओळीत हीच चाल एका धाग्याने सरकते. म्हणून कापडावर बारीक तिरप्या रेषा उमटतात. हिरवा ताणा हिरव्या बाण्याला भेटतो तिथे निखळ हिरवा दिसतो. हिरवा निळ्याला भेटतो तिथे दोन्ही निम्मे निम्मे दिसतात आणि लांबून डोळा त्यांचा एक तिसरा रंग करतो. गॉर्डनमध्ये रंगाची सुते चारच आहेत, पण कापडावर चार निखळ आणि सहा मिश्र अशा दहा छटा तयार होतात. रॉयल स्टुअर्ट या टार्टनमध्ये लाल, निळा, काळा, हिरवा, पिवळा आणि पांढरा असे सहा रंग असतात. तिथे हा आकडा एकवीसवर जातो. रंगांची संख्या वाढवली की कापड उजळते असा नवशिक्यांचा समज असतो. प्रत्यक्षात निखळ रंगाचा वाटा कमी होत जातो आणि सगळे मिळून मळकट दिसू लागते, म्हणून चांगल्या टार्टनमध्ये सहाच्या पुढे रंग क्वचितच असतात.

आता गॉर्डनचा साचा पाहू. तो मुळात ब्रिटिश सैन्यातल्या ब्लॅक वॉच या स्कॉटिश पलटणीच्या टार्टनवर बेतलेला आहे. ब्लॅक वॉचमध्ये निळ्या आणि हिरव्या रुंद पट्ट्यांच्या मध्ये काळे रुंद पट्टे असतात, आणि निळे पट्टे दोन तऱ्हेचे असतात. एका निळ्या पट्ट्यात दोन्ही कडांजवळ काळ्या रेघांची एकेक जोडी असते. त्यानंतर येणाऱ्या दुसऱ्या निळ्या पट्ट्यात एकच जोडी असते आणि ती मधोमध असते. हिरव्या पट्ट्याच्या मध्यावर एक काळी रेघ जाते. या काळ्या रेघेच्या जागी पिवळी रेघ घातली की गॉर्डन होते. याची कागदोपत्री नोंद आहे: १७९३ मध्ये हंटली गावचा व्यापारी विल्यम फोर्सिथ याने ड्यूक ऑफ गॉर्डनला त्याच्या नव्या पलटणीसाठी एक, दोन आणि तीन पिवळ्या रेघांचे तीन नमुने पाठवले आणि ड्यूकने एका रेघेचा पसंत केला. मॅकेन्झी टार्टनही याच पायावर पांढऱ्या आणि लाल रेघा घालून झाले. १८०३ मध्ये असईच्या लढाईत आपल्याकडच्या मराठा फौजांसमोर उभी असलेली ७८ वी हायलँडर पलटण या मॅकेन्झी टार्टनची होती, हे जाता जाता.

ब्लॅक वॉचवर बेतलेल्या टार्टनांबद्दलची आणखी एक गोष्ट तुमच्या प्रश्नाला थेट लागू पडते. अर्गाइल अँड सदरलँड हायलँडर्स ही पलटण ब्लॅक वॉचचाच साचा वापरत असे, फक्त निळा आणि हिरवा फिक्या छटेत. कॅम्पबेल या नावाने विकले जाणारे टार्टनही रेघांच्या दृष्टीने तेच आहे. म्हणजे एकच साचा छटा बदलून आणि नाव बदलून चालत आलेला आहे, आणि त्यात कुणाला काही खटकत नाही. छटेला ओळखीचे काम दिले गेले ते सैन्यात, तेही दोन पलटणी एकमेकींपासून वेगळ्या दिसाव्यात एवढ्यापुरते.

साचा लिहून ठेवण्याची पद्धत समजून घेणे आवश्यक आहे, कारण हातमागावर घोटाळा होतो तो बहुधा इथे. एका पूर्ण आवर्तनाला तिकडे सेट म्हणतात, आणि तो रंगाचे अक्षर व धाग्यांची संख्या अशा रीतीने लिहितात. निळ्याला बी हे अक्षर गेलेले असल्याने काळ्याला के मिळाले आहे. आर लाल, जी हिरवा, वाय पिवळा, डब्ल्यू पांढरा. बहुतेक टार्टन आरशासारखे उलटणारे असतात: क्रम एका टोकाच्या पट्ट्यापर्यंत जातो, तिथे वळतो आणि त्याच वाटेने उलटा येतो. हे दोन टोकांचे वळण-पट्टे. त्यांच्या अक्षरानंतर तिरकी रेघ असेल, तर लिहिलेली संख्या त्या पट्ट्याची पूर्ण संख्या असते. जुन्या काही वह्यांमध्ये मात्र वळण-पट्ट्याची निम्मीच संख्या लिहिलेली असते आणि विणताना ती दुप्पट करायची असते.

आकड्यांत पाहू. वॉलेस या टार्टनचा साचा अगदी साधा आहे: काळी रेघ, लाल पट्टा, काळा पट्टा, पिवळी रेघ. समजा हिशोब काळा ४, लाल ३२, काळा ३२, पिवळा ४ असा आहे आणि पहिला व शेवटचा हे वळण-पट्टे आहेत. संख्या पूर्ण धरली तर आवर्तन ४, ३२, ३२, ४, ३२, ३२ असे होते, एकूण १३६ धागे. निम्मी धरली तर दोन्ही टोके ८ होतात आणि आवर्तन १४४ धाग्यांचे होते. एकूण फरक आठच धाग्यांचा, पण पिवळी रेघ चक्क दुप्पट रुंद झाली. दुकानातल्या माणसाला दोन्ही कापडे वेगळ्या टार्टनची वाटतील.

तुमच्या मफलरांमधला फरक मात्र या कारणाने आलेला नाही, असे मी न पाहताच सांगू शकतो. गॉर्डनमध्ये पिवळी रेघ वळणावर नसते. दोन्ही वळणे निळ्यात असतात. मोजणीचा गोंधळ झाला असता तर तो मधल्या काळ्या जोडीतल्या निळ्या फटीत दिसला असता, ती फट दुप्पट झाली असती. पिवळी रेघ जाड दिसण्याचे जास्त संभवनीय कारण प्रमाण लहान करणे हे आहे. किल्टच्या, म्हणजे तिकडच्या पुरुषांच्या गुडघ्यापर्यंतच्या चुणीदार घागऱ्याच्या, कापडात एक आवर्तन साधारण पाच ते सात इंचांचे असते. ते तसेच्या तसे अरुंद मफलरवर घेतले तर दीड-दोन आवर्तनांतच कापड संपते, म्हणून गिरणी आवर्तन लहान करते. समजा मोठ्या कापडात हिरव्याला ३६ आणि पिवळ्याला ४ धागे होते. निम्मे केले की १८ आणि २ होतात. पण दोन-दोनच्या ट्विलमध्ये दोन धाग्यांची रेघ सलग दिसत नाही, ती तुटक, टाक्या-टाक्यांची दिसते. म्हणून अनुभवी आखणीकार रुंद पट्टे निम्मे करतो आणि पिवळी रेघ चारवरच ठेवतो. अशाने रेघ स्वतः जाड न होताही तिचे पट्ट्याशी प्रमाण दुप्पट होते, आणि डोळ्याला जाणवते ते प्रमाणच. यात लबाडी काही नाही. उलट जी गिरणी सगळे आकडे डोळे झाकून निम्मे करते तिचे कापड मला पाहवत नाही.

याची खातरजमा तुम्ही घरी करू शकता. धागे मोजायची भिंगाची काच कोणत्याही कापड बाजारात मिळते. मफलरची लांबीची किनार ओळखा. तिला समांतर जाणारे धागे ते ताण्याचे. मोजणी ताण्यावर करा, कारण बाण्यात विणताना एखादा धागा कमीजास्त होऊ शकतो, ताण्यात तो एकदा मांडला की संपूर्ण थानभर तसाच राहतो. निळ्या पट्ट्याच्या मधोमध असलेल्या काळ्या जोडीच्या मधल्या निळ्या फटीपासून सुरुवात करा, तिथे टाचणी लावा आणि एका बाजूने पुढच्या निळ्या पट्ट्याच्या मध्यापर्यंत रंग व संख्या लिहीत जा. काळा आणि गडद निळा यांची सीमा ठरत नसेल तर कापड खिडकीच्या काचेवर धरा किंवा तोच भाग जिथे पिवळ्या रेघेला छेदतो तिथे मोजा, पिवळ्याच्या शेजारी काळा आणि निळा चटकन वेगळे होतात. दोन्ही मफलरांचे आकडे शेजारी शेजारी लिहिले की रुंद पट्ट्यांचे गुणोत्तर सगळीकडे जवळपास सारखे येते का ते पाहा. सारखे आले तर साचा एकच. काळा आणि हिरवा यांत दोन-चार धाग्यांचा फरक पडला तर त्याचाही बाऊ करू नका. प्रत्येक गिरणीची जुनी वही वेगळी असते आणि एकाच नावाखाली थोड्या वेगळ्या हिशोबांच्या नोंदी सरकारी नोंदवहीतही सापडतात.

त्या नोंदवहीबद्दल तुम्ही विचारलेच आहे. स्कॉटलंडच्या संसदेने २००८ मध्ये कायदा केला आणि फेब्रुवारी २००९ पासून स्कॉटिश रजिस्टर ऑफ टार्टन्स सुरू झाले; ते एडिनबरा येथील राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ताब्यात आहे आणि संकेतस्थळावर कुणालाही शोधता येते. कायद्यात टार्टनची व्याख्याही आहे: विणता येईल असा, दोन किंवा अधिक रंगीत पट्ट्यांचा, उभ्या आणि आडव्या दिशेने एकत्र येऊन पुन्हा पुन्हा येणारी चौकड तयार करणारा नमुना. या व्याख्येत कोणत्याही छटेचा उल्लेख नाही. संकेतस्थळावरच्या चित्रात जो हिरवा दिसतो तो पडद्यासाठी निवडलेला एक प्रातिनिधिक हिरवा आहे. त्याचा संगणकीय क्रमांक घेऊन काही मंडळी रंगाऱ्याकडे जातात. लोकरीच्या धाग्यावर तो तसा उतरत नाही, आणि उतरवलाच तर कापड प्लॅस्टिकच्या चटईसारखे दिसते.

मग दुकानांतल्या लेबलांवर छापलेले मॉडर्न, एन्शंट, वेदर्ड हे काय असते? हे छटांचे संच आहेत, आणि हेच तुमच्या दोन मफलरांमधल्या फरकाचे मुख्य कारण आहे. मॉडर्न म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कृत्रिम रंग आल्यावर रूढ झालेले गडद, भरगच्च रंग: नेव्ही निळा, बॉटल ग्रीन, भडक लाल. भावाने पाठवलेला मफलर या संचातला दिसतो. एन्शंटमध्ये निळा आकाशी, हिरवा शेवाळी आणि लाल नारिंगीकडे झुकणारा असतो. जुने वनस्पतिजन्य रंग असे दिसत असावेत किंवा विटून असे झाले असावेत, या कल्पनेने तो विसाव्या शतकात बनवला गेला. तुमचा दुसरा मफलर यातला. वेदर्ड किंवा रिप्रॉडक्शन या संचात निळा करडा होतो आणि हिरवा तपकिरीकडे जातो, मातीत वर्षानुवर्षे पुरलेल्या कापडासारखा. म्यूटेड हा या सगळ्यांच्या मधला, मवाळ संच. लेबलावर एन्शंट लिहिले म्हणून नमुना प्राचीन आहे असे नसते. गेल्या वर्षी एखाद्या कंपनीने नोंदवलेले टार्टनही एन्शंट छटांत विणता येते. ड्रेस आणि हंटिंग हे शब्द मात्र वेगळ्या वर्गातले आहेत. ड्रेसमध्ये एखाद्या मुख्य रंगाच्या जागी पांढरी जमीन येते, हंटिंगमध्ये हिरवी किंवा तपकिरी. तिथे साचाच बदलतो, म्हणून मागवताना हे शब्द नीट वाचावेत.

जुने रंग खरोखर फिके होते का, याबद्दल माझे मत एन्शंट संच विकणाऱ्यांपेक्षा वेगळे आहे. बॅनकबर्न येथील विल्सन कुटुंबाची गिरणी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून टार्टन विणत होती आणि तिची १८१९ ची नमुन्यांची वही आजही अभ्यासली जाते. ते नीळ वापरत आणि लालसाठी परदेशातून येणारे किरमिजी, म्हणजे कोचिनील वापरत. नीळ दोन-चार बुडव्यांत भरपूर गडद चढते हे आपल्याकडच्या कोणत्याही रंगाऱ्याला सांगावे लागत नाही, आणि कोचिनीलचा लाल अत्यंत तेजस्वी असतो. डोंगरातल्या झाडपाल्याचे मवाळ रंग ही पर्यटकांना आवडणारी गोष्ट आहे. दगडफुलापासून तपकिरी आणि रानफुलांपासून पिवळा काढत असत हे खरे, पण ज्यांना परवडत असे त्यांना झळाळते कापडच हवे असे. स्कॉटलंडमधला टार्टनचा सर्वांत जुना ज्ञात तुकडा ग्लेन ॲफ्रिक येथे पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या मातीच्या, दलदलीत सापडला. तपासणीत तो १५०० ते १६०० या काळातला ठरला आणि २०२३ मध्ये डंडीच्या व्ही अँड ए संग्रहालयात मांडला गेला. आज तो मुख्यतः तपकिरी-हिरवट दिसतो. पण त्याच्या हिरव्यात निळीचा अंश सापडला आहे आणि चार शतके पीटमध्ये राहून कोणता रंग तसाच राहील?

खरा कोणता हा प्रश्न ज्या समजुतीतून येतो तिचाही थोडक्यात उलगडा करतो. प्रत्येक घराण्याचे एक टार्टन अनादी काळापासून ठरलेले होते असे आपण समजतो. राजाविरुद्धच्या १७४५ च्या उठावानंतर ब्रिटिश सरकारने हायलँडच्या, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या, पुरुषांच्या पोशाखावर कायद्याने बंदी घातली. ती १७४६ ते १७८२ पर्यंत टिकली आणि सैन्याला तिच्यातून सूट होती. त्यामुळे पलटणींची टार्टन सलग चालत आली आणि घराण्यांची बरीचशी नावे नंतर चिकटली. विल्सनच्या वहीत अनेक नमुने आधी नुसत्या क्रमांकाने किंवा गावाच्या नावाने होते. १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिनबरा येथे आला, कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने समारंभाची सूत्रे हाती घेतली आणि प्रत्येक घराण्याला आपले टार्टन हवे झाले. १८४२ मध्ये तर जुन्या हस्तलिखिताच्या नावाखाली एक बनावट नमुनासंग्रह छापला गेला, आणि त्यातली कित्येक टार्टन आज अधिकृत म्हणून मिरवतात. वर हिशोबाला घेतलेले वॉलेसही त्यातलेच. गॉर्डनला निदान १७९३ ची पावती आहे, या बाबतीत तुम्ही नशीबवान आहात.

छटा विणकराच्या हातात असली तरी तिला मर्यादा आहेत, आणि नव्या माणसाकडून चूक होते ती इथे. शेजारच्या रंगांतले उजेड-अंधाराचे अंतर टिकले पाहिजे. मॉडर्न गॉर्डनमध्ये निळा फार गडद घेतला तर निळ्यातल्या काळ्या जोड्या चार-पाच फुटांवरून नाहीशा होतात आणि कापडावर फक्त हिरवे चौकोन व पिवळ्या रेघा उरतात. सगळी आखणी वाया जाते. एन्शंट संचात याच्या उलट घडते. तिथे काळ्या जोड्या छान उठतात, पण हिरवा फिका झाल्यामुळे पिवळी रेघ त्यात विरघळू लागते. पिवळ्याची अडचण मूळचीच आहे: निखळ पिवळा फक्त जिथे पिवळी रेघ पिवळ्या रेघेला छेदते तेवढ्या इवल्या चौकोनात दिसतो, बाकी सगळीकडे तो निम्मा हिरवा, निम्मा निळा किंवा निम्मा काळा असतो. काळ्यावर तर तो शेवाळी दिसतो. म्हणून सुताच्या लडीत जो पिवळा जरा जास्तच वाटतो, हळदीच्याही पुढे गेलेला, तोच विणल्यावर बरोबर दिसतो. लिंबाच्या रंगाचा फिका पिवळा घेऊ नका.

तुमच्या शालींसाठी माझा कौल असा: निळा नेव्हीपेक्षा एक-दोन पायऱ्या उजळ, हिरवा बॉटल ग्रीनच्या जवळपास पण किंचित पिवळसर, काळा कोळशासारखा पूर्ण काळा आणि पिवळा भरदार. लग्न संध्याकाळी, बंद सभागृहात असेल तर मॉडर्न संच काळपट दिसतो आणि फोटोंत आणखी काळा येतो. भावाकडची मंडळी किल्ट घालणार असतील, तर आधी त्यांच्या किल्टचा संच विचारून घ्या, कारण शेजारी शेजारी उभे राहिल्यावर मॉडर्न आणि एन्शंट एकत्र बरे दिसत नाहीत. तिथे माझ्या आवडीचा प्रश्न उरत नाही, त्यांच्याशी जुळवा. गॉर्डन आडनाव नसताना हे टार्टन वापरावे का, ही शंका तुम्ही कंसात विचारली होती. कायद्याने कुणालाही मज्जाव नाही आणि लग्नात सोयऱ्यांचे टार्टन अंगावर घेणे तिकडे आपुलकीचे समजतात. बाल्मोरलसारखी राजघराण्याने स्वतःपुरती राखलेली एखाद-दुसरी टार्टन सोडून द्यावीत, एवढेच पथ्य.

आता मागाकडे. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे इंचाला जितके ताण्याचे धागे, तितकेच बाण्याचे पिक, म्हणजे आडवे धागे, पडले पाहिजेत. वरचे १३६ धाग्यांचे आवर्तन घ्या. फणीतून इंचाला ४० धागे येत असतील तर ते रुंदीत ३.४ इंच बसते. विणकराचा ठोका हलका पडून इंचाला ३४ च पिक आले तर तेच आवर्तन लांबीत ४ इंचांचे होते, चौकोनाचा आयत होतो, आणि कापड कितीही सुबक विणलेले असले तरी टार्टन जाणणारा माणूस लगेच नाक मुरडतो. पारख सोपी आहे: एका पिवळ्या छेदापासून तिरपे, पंचेचाळीस अंशांत पाहत गेले की प्रत्येक आवर्तनाचा पिवळा छेद त्या रेषेवर आला पाहिजे. आपल्याकडचे चौकड्यांच्या लुंग्या-चादरी विणणारे कारागीर हात बसलेले असतात, पण त्यांची सवय साध्या विणीची आणि सुती धाग्याची असते. ट्विलमध्ये धागे एकमेकांत जास्त सरकतात, लोकरीचा धागा दबतो, आणि ठोका सुरुवातीला हमखास चुकतो. त्यांना इंचपट्टी मागावरच बांधून द्या आणि दर आवर्तनाला लांबी मोजायला सांगा.

दुसरी गोष्ट सम संख्यांची. गॉर्डनला चार रंगांचे चार धोटे (बाण्याचा धागा ताण्यातून आरपार नेणारी साधने) लागतील. धोट्यांची पेटी एकाच बाजूला असलेल्या मागावर धोटा जाऊन परत यायलाच हवा, म्हणून प्रत्येक रंगाचे पिक दोनच्या पटीतच भरता येतात. तुमच्या मोजणीत एखादी संख्या विषम आली असेल, तर ती ताणा मांडण्याआधीच सम करून घ्या आणि ताण्यात व बाण्यात एकच दुरुस्त हिशोब वापरा. तिसरी गोष्ट किनारीची. शालीच्या दोन्ही कडा सारख्या दिसायच्या असतील तर ताणा ज्या वळण-पट्ट्याने सुरू झाला त्याच वळण-पट्ट्याने संपला पाहिजे. वॉलेसच्या उदाहरणात आठ आवर्तनांचे १०८८ धागे होतात. त्यावर शेवटी काळ्याचे ४ वाढवायचे, म्हणजे १०९२. हे चार धागे विसरले तर एका बाजूला काळी कड आणि दुसऱ्या बाजूला लाल कड येते. तुमच्या गॉर्डनच्या हिशोबालाही हाच नियम लावा. किनार मजबूत राहावी म्हणून जे जादा धागे घालाल ते या मोजणीबाहेर धरा.

रंग ठरवताना सुताच्या लड्या एकमेकींशेजारी ठेवून निर्णय घेऊ नका. पुठ्ठ्यावर धागे गुंडाळून पट्टे पाहण्याची पद्धत साड्यांच्या काठासाठी ठीक आहे. टार्टनमध्ये ती फसवते, कारण पुठ्ठ्यावर फक्त निखळ रंग दिसतात आणि दहापैकी सहा छटा विणल्याशिवाय जन्मालाच येत नाहीत. एक पूर्ण आवर्तन रुंद आणि एक पूर्ण आवर्तन लांब एवढा तुकडा विणून घ्या. तो दुकानाच्या दिव्याखाली, उन्हात आणि जिथे समारंभ आहे तशा पिवळ्या प्रकाशात असा तीनदा पाहा. वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी बनवलेले दोन हिरवे एका प्रकाशात तंतोतंत जुळतात आणि दुसऱ्यात फुटतात. भावाच्या मफलरशी जुळवणी करताना ही गंमत तुम्हाला नक्की भेटेल. सगळ्या शालींचे सूत एकाच घाणीत, म्हणजे रंगाच्या एकाच खेपेत, रंगवून घ्या, कारण दुसऱ्या खेपेचा निळा कधीच हुबेहूब येत नाही.

तो तुकडा विणून झाल्यावर कोमट पाण्यात, सौम्य साबणाने धुऊन, सपाट वाळवून, ओल्या फडक्यावरून इस्त्री करून घ्या आणि मगच पुन्हा मोजा. लोकर लांबीत आणि रुंदीत सारखी आटत नाही, त्यामुळे मागावर चौरस दिसलेले आवर्तन धुतल्यावर आयत होऊ शकते. तसे झाले तर आटलेल्या मापावरून इंचाला किती पिक ठेवायचे ते उलट हिशोबाने काढा, कारागिराला तो आकडा लिहून द्या आणि मगच पूर्ण ताण्याचे सूत रंगाऱ्याकडे पाठवा. दोन्ही मफलरांची मोजणी इथे लिहून टाकलीत, तर शालीच्या रुंदीप्रमाणे आवर्तनाचे आकडे बसवून देईन.